राजधानी जोडताना : बीदरच्या किल्ल्यातला एक दिवस

सकाळी ६.३०

थंडीच्या दिवसांत शर्झा दरवाज्यावर ऊन उशिरा येतं. कमानीवरचे दगडात कोरलेले दोन वाघ तोवर नीट दिसतही नाहीत, पण त्यांच्या खालून फिरायला निघालेल्यांची रांग केव्हाच सुरू झालेली असते. सगळ्या बीदरचं सकाळचं फिरणं या किल्ल्यातच. नमस्कार मराठीत होतो, कन्नडमध्ये होतो, दखनीत होतो. ज्याने ज्या भाषेत केला त्याला त्याच भाषेत उत्तर द्यायचं, हा इथला शिरस्ता.

मी गाइड आहे. मूळची भालकीकडची, त्यामुळे लातूर, उदगीर, नांदेड, सोलापूरकडचे पाहुणे बहुधा माझ्याकडे येतात. ते पोहोचण्याआधी तासभर मी तटाकडेने एकटी फिरून घेते. कुठे दगड सुटलाय, कुठली वाट बंद केलीय, हे माहीत नसताना पन्नास पोरांना आत नेणं बरोबर नाही.

बहमनी राज्य १३४७ साली उभं राहिलं. त्याची राजधानी आधी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला होती. अहमदशहा वलीने ती बीदरला आणली आणि १४३२च्या सुमारास हा किल्ला आकाराला आला. जागा निवडण्यामागे राजाला काय दिसलं, ते तटावर उभं राहिलं की कळतं. बीदर जांभ्याच्या पठाराच्या टोकावर आहे. उत्तरेला आणि पूर्वेला खाली उतरत गेलेलं सपाट रान आहे, त्यातून येणारं सैन्य लांबूनच दिसायचं. उरलेल्या बाजूंना राखण हवी म्हणून खडकातच खंदक कोरला, आणि काही ठिकाणी तो तिहेरी आहे. जांभा ताजा असताना सहज कापता येतो आणि हवा लागली की कडक होत जातो. दगडाचा हा गुण ओळखणाऱ्या पाथरवटांनी ही राजधानी घडवली. त्यांची नावं मला कुठल्या शिलालेखात सापडलेली नाहीत. म्हणून मी निदान त्यांच्या कामाबद्दल बोलते.

८.००

पावसाळा सरला की तटावर पिंपळाची रोपं माजतात. आज एका बुरुजावर बायामाणसं कामाला लागलीत. खालून जाताना वरून आवाज येतो, "अक्का, तिकडून जावा. माती पडायलीय."

ही साफसफाई वरवरची दिसते, पण किल्ल्याचं आयुष्य तिच्यावर आहे. पाखरांच्या विष्ठेतून बी येतं आणि चुन्याच्या सांध्यात रुजतं. मूळ जाड होतं तसं ते दोन दगडांना एकमेकांपासून लांब ढकलतं. मोठं झालेलं झाड हिसका देऊन उपटलं तर त्याच्याबरोबर दगडही येतो. म्हणून ते कापायचं, मूळ मारायचं आणि मग सांधा पुन्हा चुन्याने भरायचा. सिमेंट चालत नाही. ते ओल अडवून धरतं आणि शेजारचा जुना दगड सोलून काढतं. चुना श्वास घेऊ देतो. त्यात वाळू, विटांची भुकटी, कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर घालायची पद्धत जुनी आहे. हा माल भिजवून, मुरवून मगच वापरायचा असतो, त्यात घाई केली तर पहिल्याच पावसात तो धुऊन जातो.

पाहुणे मला विचारतात, हा किल्ला एवढी वर्षं कसा टिकला? राजांनी तो बांधला खरा. पण दरवर्षी हाताने गवत काढणाऱ्यांनी तो टिकवला, हे उत्तर मी कधी गाळत नाही.

१०.००

संग्रहालय शाही हमामात आहे. राजघराण्याच्या स्नानगृहात आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वस्तू मांडल्यात. जाड भिंती, वर घुमट, बाहेर लालबागेची हिरवळ. वस्तूंचं घर हीच पहिली पाहायची वस्तू आहे, हे मी दारातच सांगते, नाहीतर लोक छताकडे न बघता काचेच्या कपाटांकडे धावतात.

दारावरच्या चाचांना विचारते, "चाचा, उदगीरची शाळा येतेय. एकदम सगळे आत घेऊ की दोन भाग करू?"

"दो करो बेटा. और पैले चा पीले."

आत दगडी मूर्ती आहेत, कोरीव खांबांचे तुकडे आहेत, जुनी शस्त्रं आहेत. पहिल्यांदा येणारा माणूस इथे गोंधळतो. सुलतानांच्या किल्ल्यात देवळांची शिल्पं कशी? या गोंधळापासूनच मला बोलायला सुरुवात करायची असते, कारण या मुलखाची गोष्ट एका घराण्याची नाही. बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत मिळून चार राजधान्या झाल्या. मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, राष्ट्रकूटांचं. अकराव्या शतकात सोमेश्वर पहिला याने चालुक्यांची राजधानी कल्याणीला नेली, ते आजचं बसवकल्याण. पुढे गुलबर्गा, आणि त्यानंतर बीदर.

कल्याणी म्हटलं की मराठी माणसाने थांबायला हवं. विक्रमादित्य सहाव्याच्या काळात विज्ञानेश्वराने तिथे 'मिताक्षरा' लिहिली. हिंदू वारसा कायद्याचा पाया म्हणून तो ग्रंथ इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांपर्यंत वापरात राहिला. पुढच्याच पिढीत सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे. आपल्या आजीच्या ओवीची इतकी जुनी नोंद कल्याणीच्या राजाने केली. त्याच गावात बाराव्या शतकात बसवेश्वरांचा अनुभव मंटप भरला आणि सर्व जातींची माणसं तिथे बोलायला बसली. हमामातल्या दगडी मूर्तीपुढे उभं राहून हे सांगितलं की मूर्ती परकी वाटत नाही, या जमिनीतल्या आधीच्या थराची ओळख पटते.

११.३०

शाळा आली. आठवीची मुलं, उन्हात चालून तापलेली. संग्रहालयाला लागूनच सोळा खांबी मशीद आहे. तिच्या सावलीत त्यांना बसवते. ही १४२३-२४ची. किल्ल्याचा आजचा तट पुरा होण्याआधीची. आतले गोल, जाड खांब बघून पोरं आपोआप गप्प होतात.

"दामाजीपंत माहितायत का?" मी विचारते.

एक मुलगी पटकन उठते. "मंगळवेढ्याचे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उघडली. मग विठ्ठल विठू महार होऊन पैसे भरायला गेला."

"कुठं गेला?"

ती अडखळते. मागून एक मुलगा ओरडतो, "बीदरच्या बादशहाकडं!"

"मग तुम्ही आत्ता कुठं बसलाव?"

एकदम गलका होतो. कीर्तनात ऐकलेलं, गोष्टीच्या पुस्तकात वाचलेलं बीदर हेच, हे त्या क्षणी त्यांना उमगतं. ही भक्तांची कथा आहे, दरबारचा कागद नव्हे, तेही मी स्पष्ट सांगते. पण कथेने राज्यकारभाराचं चित्र किती चोख धरलंय ते दाखवते. मंगळवेढ्याचं धान्य कुणाच्या हुकमात होतं, हिशेब कुठे द्यावा लागत होता, अधिकाऱ्याने न विचारता कोठार उघडणं केवढ्या धोक्याचं होतं, हे सगळं त्या कथेत आहे. मराठी मनात बीदर आहे ते असं.

मग जमिनीवर खडूने नकाशा काढते. बहमनी राज्याचे आधी चार मोठे प्रांत होते, त्यांना तरफ म्हणत. वजीर महमूद गावानने त्यांचे आठ केले. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणाचे वरंगळ आणि राजमहेंद्री. एकेका तरफदाराच्या हातात फार बळ साठू नये, हा हेतू. माहूर, जुन्नर, दौलताबाद ही नावं ऐकून मुलं नकाशावर वाकतात. पुढे राज्य फुटलं आणि त्यातून पाच शाह्या निघाल्या : अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, वऱ्हाडची इमादशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि बीदरची बरीदशाही. शहाजीराजे ज्या निजामशाहीत आणि आदिलशाहीत वावरले, त्यांचं मूळ शोधत गेलं की माणूस या किल्ल्यात पोहोचतो. शिवकाळ समजून घ्यायचा असेल तर बीदर वगळता येत नाही.

आणखी एक गोष्ट मी उदगीरकरांना सांगतेच. १९५६ सालापर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि बीदर म्हैसूर राज्यात आलं. "घरी आजोबांचा किंवा पणजोबांचा जुना दाखला असेल तर बघा. त्यावर जिल्हा बीदर लिहिलेलं सापडेल." त्यांचे सर मान डोलवतात. त्यांच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तसंच आहे म्हणतात.

१.३०

डबा. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. चाचांच्या डब्यातला खट्टा माझ्याकडे येतो, माझी चटणी त्यांच्याकडे जाते. अर्धा तास बोलणं फक्त घरचं.

२.३०

रंगीन महाल कुलपात असतो. तो दाखवायचा तर संग्रहालयाच्या माणसांना विनंती करून किल्ली मागायची. त्यांच्यातलं कुणीतरी बरोबर येतं, दार उघडतं आणि पुन्हा लावतं. काही पाहुणे कुरकुर करतात. आत पाऊल टाकलं की त्यांची कुरकुर थांबते.

हा महाल बहमनींच्या काळातला, पण आज दिसतं ते रूप अली बरीदशहाने दिलेलं, सोळाव्या शतकातलं. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून वेली आणि फारसी ओळी काढल्यात. दगड अचूक कोरायचा आणि शिंपला नेमका त्याच आकाराचा कापायचा. दोन्हींत केसभर फरक पडला तरी तुकडा बसत नाही. लाकडी खांबांवरचं कोरीव काम आणि भिंतीवरच्या रंगीत फरशा हे आणखी दोन हातांचं काम. इराणी रीत, दक्षिणी दगड आणि इथल्या सुताराची छिन्नी एका दालनात नांदतात. मी मुलांना हात मागे बांधायला सांगते. हाताच्या घामाने शिंपल्याची चमक जाते, आणि ती परत आणता येत नाही.

फरशांपुढे आले की मला बल्गेरियातलं प्रेस्लाव आठवतं. ते मी चित्रांतूनच ओळखते. ८९३ साली झार सिमेऑनच्या वेळी ते बल्गेरियाची राजधानी झालं. चर्च आणि वाडे रंगवलेल्या मातीच्या फरशांनी मढवणारे कारागीर तिथे होते. सुमारे २० फरशा जुळवून केलेलं संत थिओडोरचं चित्र त्यांच्याच परंपरेतलं. पुढे राजधानी मोडली, शहर ओस पडत गेलं, आणि उत्खननात निघालेले तुकडे संग्रहालयात जुळवून ठेवावे लागले. तिथला अभ्यासक जमिनीखालून तुकडा काढतो आणि भिंतीची कल्पना करतो. बीदरमध्ये भिंत अजून उभी आहे, फरशा मात्र गळून गेल्यात. तख्त महालाच्या कमानीवर वाघ आणि त्याच्या पाठीमागे उगवणारा सूर्य फरशांत काढलाय. जवळ जाऊन बघितलं तर किती जागा मोकळ्या आहेत ते दिसतं. दोन्हीकडे काम एकच आहे, तुकडा आणि त्याची जागा यांची गाठ घालून द्यायची. संग्रहालयात वस्तू सांभाळल्या जातात. त्या कुठून आल्या आणि कशाचा भाग होत्या, हे सांगणारं माणूस शेजारी नसेल तर राजधानी कुणाच्याच डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

३.४५

किल्ल्याबाहेर गावात महमूद गावानचा मदरसा. गावान इराणच्या गिलानचा व्यापारी, बीदरला आला आणि इथेच वजीर झाला. मदरसा १४७२चा. तीन मजले, मधे चौक, व्याख्यानाची दालनं, ग्रंथालय, मशीद, विद्यार्थ्यांच्या खोल्या. पुढच्या बाजूला दोन उंच मिनार होते, आज एक आहे. मोगल काळात इथे दारूगोळा ठेवला गेला, आणि स्फोटात पुढचा मोठा भाग ढासळला. ज्ञानाची जागा कोठार केली की काय होतं, हे दाखवायला या पडक्या बाजूपेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांची नागमोडी नक्षी आहे. मान वर करून मुलं बघत असतात तेव्हा मी अफानासी निकितिनची गोष्ट सांगते. त्व्येर गावचा हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, एक घोडा घेऊन जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. १४७०च्या आसपासची गोष्ट, म्हणजे गावान वजीर होता तेव्हाची. सुलतानाच्या मिरवणुकीतले हत्ती आणि सोनं त्याने टिपून ठेवलं. सरदार भरजरी आणि गावाकडची माणसं फार गरीब, हेही टिपलं. राजधानीचं वर्णन करताना दुसरी बाजू न सोडणारा हा पाहुणा मला फार मोलाचा वाटतो.

गावानचा शेवट मुलांना हलवतो. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि १४८१ साली सुलतानाने चौकशी न करता त्याला मारायचा हुकूम दिला. सुलतान तिसरा महंमदशहा पुढच्या वर्षी गेला, आणि काही वर्षांतच प्रांत एकेक करून वेगळे झाले. आठ तरफांचा खडूचा नकाशा मुलांनी सकाळीच पाहिलेला असतो. तो का फाटला, हे त्यांना इथे कळतं.

५.००

बीदरजवळच्या अष्टूरला बहमनींच्या कबरी एका ओळीत आहेत. हुमायूनशहाच्या घुमटावर वीज पडली आणि तो अर्धा कोसळला. उरलेल्या अर्ध्यात भिंतीची जाडी, कमानींची रचना, घुमटाची वळणं अशी उघडी पडलीत की स्थापत्याचे विद्यार्थी वही काढून बसतात.

मी मात्र आधी अहमदशहा वलीच्या कबरीत नेते. आत अंधार असतो. तिथला राखणदार बाहेरच्या उन्हात आरसा धरतो आणि उजेडाचा पट्टा आत छतावर फिरवतो. सोनेरी, शेंदरी, निळी अक्षरं आणि वेली एकेक करून दिसत जातात. या सुलतानाने किरमानच्या शाह नियामतुल्ला या सूफीच्या घराण्याला दख्खनमध्ये बोलावलं. इथले अनेक लिंगायत भाविक अहमदशहाला अल्लमप्रभूंचं रूप मानतात. दरवर्षीच्या उरुसाची तिथी होळीपासून मोजतात, आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे जंगम तिथे मानाने येतात. शंख फुंकला जातो, नारळ फुटतो, फातिहा पढली जाते.

हे सांगताना मला आवाज चढवावा लागत नाही. जे आहे ते इतकंच. लोकांनी राजाला राजधानीतून उचलून आपल्या श्रद्धेत ठेवलं, आणि त्याची कबर इतकी शतकं जागती राहिली. संग्रहालयाच्या कपाटात न मावणारा वारसा तो हाच.

६.३०

उदगीरची गाडी परत निघाली. चौबाऱ्याकडून जाताना एका ओळखीच्या बिदरी कारखान्यात डोकावते. कारखाना म्हणजे एक खोली, चार-पाच कारागीर, छिन्नी-हातोडीची टकटक. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात. मोरचुदाचं पाणी लावून ते तेवढ्यापुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर नक्षी रेखता येते. नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, घासून सपाट करायचं. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून भांड्यावर चोळायचं. जस्ताचं अंग गडद काळं होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते.

माती कुठलीही चालत नाही. पिढ्यान् पिढ्या ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची हवी, कारण तिच्यातल्या क्षारांमुळेच हे होतं. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ साली इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. किल्ल्याची जतन झालेली माती आणि बाजारातली कला यांचा असा थेट संबंध आहे. म्हणूनच किल्ल्याच्या आत कुठे काय खोदलं जातं, कुठे पाणी शिरतं, याची काळजी पुरातत्त्ववाल्यांइतकीच या खोलीतल्या माणसांनाही आहे.

"ताई, उद्या कुणी येणार हायत का?" कारागीर विचारतो.

"निलंग्याची शाळा. संध्याकाळी इकडं घेऊन येते."

"आणा की. माती दाखवू लेकरांना."

९.००

जेवण झालं की उद्याची तयारी. गुलाम यझदानींचं १९४७ सालचं बीदरवरचं पुस्तक पुन्हा चाळते. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे हे संचालक. त्यांच्या काळात हे महाल ढिगाऱ्यातून मोकळे झाले, मोजले गेले, दुरुस्त झाले. आज आम्ही जे दाखवतो त्यातलं बरंचसं त्यांच्या कष्टाने दिसतं. २०१४ साली बीदर, गुलबर्गा, विजापूर आणि हैदराबाद इथल्या दख्खनी सुलतानांच्या वास्तू युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्या. अंतिम यादीत त्या याव्यात असं मला मनापासून वाटतं. पण मान बाहेरून मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या शाळांनी सहलीच्या वाटेवर बीदरला पूर्ण एक दिवस द्यावा, आणि तो संग्रहालयापासून सुरू करावा. आधी तुकडे बघावेत, मग ते ज्या भिंतींचे आहेत त्या भिंती, आणि शेवटी त्या मातीवर अजून जगणारी माणसं.

निलंग्याच्या बाईंना मी फोन करून मुलांसाठी एक काम सांगितलंय. येण्याआधी प्रत्येकाने घरातला सगळ्यात जुना कागद शोधायचा, मग तो दाखला असो, सातबारा असो की पावती, आणि त्यावर जिल्हा कोणता लिहिलाय ते वहीत उतरवून आणायचं. उद्या सोळा खांबीच्या सावलीत आधी त्या वह्या उघडायच्या, आणि मग माझं बोलणं सुरू करायचं.